उरलेल्या लिटरचा भाव

दूध संकलन केंद्रावरून दर दहा दिवसांनी जी चिठ्ठी हातात पडते, तिला आपल्याकडे दुधाचा पगार म्हणतात. हा शब्द मला फार नेमका वाटतो. कापूस वर्षातून एकदा पैसा देतो, सोयाबीन एकदा देतं, मोसंबीचा बहार धरला आणि टिकला तर तो देतो. घरात दहा-दहा दिवसांनी पैसा आणते ती गोठ्यातली गाय. किराणा, पोरांची फी, दवाखाना, विजेचं बिल हे सगळं त्या चिठ्ठीवर चालतं. चिठ्ठीवर लिटर असतात, फॅट असतं, एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ असतात आणि शेवटी दर असतो. २०२३ च्या सुरुवातीला महाराष्ट्रात गायीच्या दुधाचा हा दर लिटरला ३७-३८ रुपयांपर्यंत गेला होता. वर्ष संपताना तो २६-२७ वर आला. गाय तीच, गोठा तोच, फॅट तेच, आणि लिटरमागे दहा-अकरा रुपये गेले.

त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला राज्य सरकारने ४० तालुक्यांमध्ये दुष्काळ जाहीर केला. जालना जिल्ह्यातल्या आठ तालुक्यांपैकी पाच त्या यादीत होते: भोकरदन, जालना, बदनापूर, अंबड आणि मंठा. म्हणजे चारा नाही, पाणी नाही, गाय दुधाला उतरलेली, आणि तिच्या दुधाचा भावही उतरलेला. माल कमी आला की भाव चढतो, हे जालन्याच्या मोंढ्यात बापाबरोबर एकदा गेलेलं पोरही सांगेल. इथे माल कमी आणि भावही कमी. हे असं उलटं का होतं, एवढी एकच गोष्ट मला या लेखात सावकाश उलगडायची आहे.

याचं तयार उत्तर गावात लगेच मिळतं. डेअरीवाले लुटतात. त्या उत्तरात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही, आणि त्याच्याकडे परत येणारही आहे. पण लूट हे कारण मानलं तर एक प्रश्न सुटत नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत हेच डेअरीवाले ३७ रुपये का देत होते? तेव्हा त्यांना दया आली आणि दिवाळीपर्यंत ती आटली, असं काही नसतं. भाव वर नेणारं आणि खाली आणणारं काहीतरी तिसरं आहे. ते गावाच्या बाहेर आहे, जिल्ह्याच्या बाहेर आहे आणि बऱ्याच अंशी देशाच्याही बाहेर आहे.

कापसाच्या बाबतीत हे आपण कधीच मान्य केलं आहे. न्यूयॉर्कला वायदा पडला की जिनिंगच्या दारात भाव पडतो, हे जालना जिल्ह्यातल्या घनसावंगीच्या शेतकऱ्याला कुणी समजावून द्यावं लागत नाही. सोयाबीनचं शिकागोशी नातं आहे, हेही त्याला पाठ आहे. जालन्यातून बाहेर जाणाऱ्या वस्तूंकडे पाहा: बियाण्याची पाकिटं, लोखंडाच्या सळ्या, कापसाच्या गाठी. सगळ्या कोरड्या आणि टिकणाऱ्या. ज्या वस्तू टिकतात त्या फिरतात, आणि ज्या फिरतात त्यांना जगाचा भाव लागतो. दूध मात्र उन्हाळ्यात थंड केलं नाही तर काही तासांत नासतं. मंठ्याहून जालन्याला पोचेपर्यंत ज्याचा भरवसा नाही, त्या वस्तूचा न्यूझीलंडशी संबंध काय? साध्या बुद्धीला वाटतं की दुधाचा बाजार आपला आपल्यापुरता असणार. चहाच्या टपऱ्या, शहरातली घरं, हॉटेलं, लग्नसराई. या सगळ्यांची मागणी २०२३ मध्ये कमी झाली नव्हती. मग?

आता एक डेअरी डोळ्यांसमोर आणू. ती रोज एक लाख लिटर दूध गोळा करते. त्यातलं साठ हजार लिटर पिशवीतून, दह्या-ताकातून, पनीरमधून विकलं जातं. चाळीस हजार लिटर उरतं. हे आकडे मी समजण्यासाठी घेतले आहेत, प्रत्येक डेअरीचे ते वेगळे असतात. दूध उद्यापर्यंत थांबत नाही, म्हणून त्या चाळीस हजारांचं आजच्या आज काहीतरी करावं लागतं. त्यातली साय काढून लोणी करतात आणि राहिलेल्या दुधातलं पाणी उडवून भुकटी करतात, जिला व्यवहारात सगळे पावडर म्हणतात. पंचवीस किलोच्या पोत्यात भरलेली ती भुकटी वर्षभर आणि नीट ठेवली तर त्याहून जास्त टिकते. जे दूध मंठ्याहून जालन्याला धड पोचत नव्हतं, ते या पोत्यातून जहाजाने कुठंही जाऊ शकतं. इथे दूध कापसाच्या रांगेत जाऊन बसतं.

तरीही कुणी म्हणेल, भुकटी झाली ती चाळीस हजार लिटरची. साठ हजार लिटर तर पिशवीतून चांगल्या भावाने गेलं. त्याचे पैसे वेगळे द्या, भुकटीचे वेगळे द्या. न्यायाने पाहिलं तर हे बरोबर आहे. पण बाजार तसा चालत नाही, आणि का चालत नाही हे समजून घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

समजा, पिशवी विकणारी डेअरी ३५ रुपये देऊ लागली आणि शेजारची, जिच्याकडे फक्त भुकटीचा कारखाना आहे, ती २६ देते. दोन दिवसांत शेजारचे सगळे कॅन पहिल्या डेअरीच्या दारात येतील. तिचं पिशवीचं गिऱ्हाईक तेवढंच आहे, ते काही दोन दिवसांत वाढत नाही. मग तिच्याकडचं उरलेलं दूध चाळीस हजारांवरून समजा ऐंशी हजारांवर जाईल, आणि त्यातल्या प्रत्येक लिटरवर तिला नऊ रुपयांचा तोटा येईल. म्हणून ती ३५ देत नाही. शेजारी २६ मिळतात, तर २७ दिले की आपलं दूध आपल्याकडे राहतं, एवढंच ती पाहते. पिशवीतून गेलेल्या लिटरलाही अशा रीतीने भुकटीचाच भाव लागतो. शेवटचं जे लिटर कुणालाच नको असतं, ते बाकीच्या सगळ्या लिटरांचा भाव ठरवतं. मोसंबीवाल्यांनी हे पाहिलेलं आहे. गाड्या भरून गेल्यावर जो माल बाजारात पडून राहतो, त्याच्याकडे बघून दुसऱ्या दिवशीची बोली लागते.

दुधातली ही अडचण नवी नाही. भारतातल्या सहकारी दुधाचा सगळा इतिहासच या उरलेल्या दुधापासून सुरू होतो. गुजरातमधल्या खेडा जिल्ह्याचा संघ १९४६ मध्ये स्थापन झाला आणि त्याचं दूध मुंबईला येऊ लागलं. म्हैस हिवाळ्यात भरपूर दूध देते आणि उन्हाळ्यात आटते. दुधाच्या धंद्यात या दोन काळांना पुष्टकाळ आणि कृशकाळ म्हणतात. मुंबईची भूक मात्र बारा महिने सारखी. त्यामुळे हिवाळ्यात खेडा जिल्ह्याचं दूध मुंबईला पुरून उरायचं आणि शेतकऱ्याला परत न्यावं लागायचं. म्हशीच्या दुधाची भुकटी होऊच शकत नाही, असं तेव्हाच्या परदेशी तज्ज्ञांचं मत होतं. संघाचे दुग्धतंत्रज्ञ ह. म. दलाया यांनी ती करून दाखवली, आणि ३१ ऑक्टोबर १९५५ रोजी आणंदच्या कारखान्याचं उद्घाटन पंडित नेहरूंनी केलं. वर्गीज कुरियन यांची पुढची सगळी इमारत त्या एका गोष्टीवर उभी राहिली: हिवाळ्यातलं उरलेलं दूध कोरडं करून ठेवायचं आणि उन्हाळ्यात परत पातळ करून विकायचं. भुकटी ही मुळात शेतकऱ्याची ढाल होती.

१९७० मध्ये दुधाचा महापूर योजना सुरू झाली तेव्हा तिचं भांडवलही भुकटीच होतं, फक्त ती दुसऱ्याची उरलेली होती. युरोपात तेव्हा भुकटी आणि लोण्याचे डोंगर साचले होते. त्यातली १ लाख २६ हजार टन भुकटी आणि ४२ हजार टन बटर ऑइल भारताला देणगी म्हणून मिळालं. ते फुकट वाटलं असतं किंवा स्वस्तात विकलं असतं तर इथल्या शेतकऱ्याचा गोठा बसला असता. कुरियन यांनी ते दूध करून इथल्या भावानेच शहरांत विकलं आणि आलेला पैसा दूध संघ उभारायला लावला. जगाचं उरलेलं दूध आपल्या बाजारात कोणत्या भावाने शिरतं यावर आपल्या गायीचं दावं बांधलेलं आहे, ही गोष्ट त्यांना पन्नास वर्षांपूर्वी कळली होती.

आता आजच्या जगाकडे पाहू. जगात वर्षाला सुमारे ९५-९६ कोटी टन दूध निघतं. त्यातला जवळजवळ चौथा हिस्सा एकट्या भारताचा. १९९८ पासून आपण पहिल्या क्रमांकावर आहोत आणि २०२३-२४ मध्ये देशाचं उत्पादन २३ कोटी ९३ लाख टन होतं. पण हे सगळं दूध जिथल्या तिथे संपतं. देशांच्या सीमा ओलांडून जाणारं दूध, भुकटी-लोणी-चीज सगळं दुधात मोजलं तरी, एकूण उत्पादनाच्या नऊ टक्क्यांच्या आसपासच भरतं. जगाच्या पातळीवरचं हे उरलेलं दूध. आणि त्याचा भाव ज्याच्या हातात जास्त आहे तो न्यूझीलंड दुधाच्या बाबतीत आपल्यापेक्षा फार लहान देश आहे. तो वर्षाला साधारण २ कोटी १० लाख टन दूध काढतो, म्हणजे आपल्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. पण त्याची लोकसंख्या पन्नास लाखांहून थोडीच जास्त. त्यामुळे शंभरातलं पंच्याण्णव लिटर तो बाहेर विकतो. २००८ पासून त्यासाठी इंटरनेटवर लिलाव होतो, आता दर पंधरवड्याला, ग्लोबल डेअरी ट्रेड नावाचा. जिथे दूध सगळ्यांत जास्त पिकतं तिथे जगाचा भाव ठरत नाही. तो जिथे सगळ्यांत जास्त उरतं तिथे ठरतो. डेअरीच्या दारात जे दिसलं, तेच इथे मोठ्या मापाने दिसतं.

या लिलावातला सगळ्यांत मोठा गिऱ्हाईक चीन. चीनने गेल्या काही वर्षांत स्वतःचे प्रचंड गोठे उभे केले. २०१९ मध्ये ३ कोटी २० लाख टनांच्या आसपास असलेलं त्याचं दूध २०२३ मध्ये जवळजवळ ४ कोटी २० लाख टनांवर गेलं. साहजिकच त्याची भुकटीची खरेदी आटली. २०२१ च्या मानाने २०२३ मध्ये त्याने साधी, म्हणजे सायीसकटची भुकटी जवळपास निम्मीच घेतली. मार्च २०२२ मध्ये टनाला ४,७०० डॉलरच्या पुढे गेलेली ती भुकटी १५ ऑगस्ट २०२३ च्या लिलावात २,५५० डॉलरच्या आसपास आली. न्यूझीलंडच्या फॉन्टेरा या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेने त्या एकाच महिन्यात आपल्या सभासदांना द्यायच्या दराचा अंदाज दोनदा खाली आणला. तिथल्या शेतकऱ्याच्या घरातही त्या महिन्यात हिशेबाची वही उघडली गेली असेल. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पलीकडचा शेतकरी आपला शत्रू आहे अशी समजूत करून घेणं सोपं असतं.

साय काढलेली भुकटी तेव्हा जागतिक बाजारात टनाला २,३०० ते २,५०० डॉलरच्या घरात होती. ८३ रुपयांच्या डॉलरने ती किलोला १९० ते २१० रुपये पडते. आणि महाराष्ट्रात? २०२३ च्या सुरुवातीला ३२० रुपयांच्या आसपास असलेली भुकटी २०२४ मध्ये २००-२१० वर आली होती. लोणी किलोला ४३० वरून ३३५-३४० वर.

हा हिशेब वहीच्या मागच्या पानावर कुणालाही मांडता येतो. ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफच्या शंभर लिटर गायीच्या दुधातून चार किलोंहून थोडं जास्त लोणी आणि पावणेनऊ किलोंच्या आसपास भुकटी निघते. म्हणजे भुकटीचा भाव किलोला दहा रुपयांनी उतरला की लिटरमागे सत्त्याऐंशी पैसे जातात. भुकटी ३२० आणि लोणी ४३० धरलं तर शंभर लिटरचे सुमारे ४,५६० रुपये होतात. संकलन, कमिशन, शीतकरण, टँकर आणि वाळवणीचा खर्च लिटरला चार रुपये धरू. शेतकऱ्याला द्यायला लिटरमागे ४१ रुपयांहून थोडे जास्त राहतात. भुकटी २०५ आणि लोणी ३३५ धरलं तर हेच २७ रुपये ७० पैसे येतात.

आता चिठ्ठी काढून शेजारी ठेवा. तेजीत हिशेब ४१ दाखवत होता, मिळाले ३७-३८. मंदीत हिशेब पावणेअठ्ठावीस दाखवत होता, मिळाले २६-२७. दर कुठून येतो हे या दोन ओळींत दिसतं, आणि लुटीच्या आरोपात तथ्य किती तेही दिसतं. भाव चढताना शेतकऱ्याच्या वाट्याला सगळी चढण आली नाही. उतरताना तो हिशेबाच्याही एक पायरी खाली गेला. वर फॅट-एसएनएफच्या एकेका पॉइंटला होणारी कपात आहेच. दुष्काळात सुका कडबा खाणाऱ्या गायीचं एसएनएफ ८.५ च्या खाली जातं, तेव्हा ती कपात कुणाला सगळ्यांत आधी लागते हे वेगळं सांगायला नको. आणि शहरातली पिशवी? ती पन्नाशीच्या पुढेच राहिली.

इथे जाणकार माणूस अडवेल. भारतात भुकटीच्या आयातीवर ६० टक्के शुल्क आहे, सवलतीच्या दराने फक्त दहा हजार टनांची वाट मोकळी आहे. ४ नोव्हेंबर २०१९ ला बँकॉकमध्ये भारत आरसेप या मुक्त व्यापार करारातून बाहेर पडला, त्यात दुधाची काळजी हे एक मोठं कारण होतं. २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाशी आणि जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी करार झाले, त्यांतही दूध बाहेर ठेवलं. मग न्यूझीलंडची मंदी आत आली कुठून?

ती पोत्यांतून आली नाही. ती आपली पोती बाहेर जाऊ न शकल्यामुळे आली. जगात भुकटी ३०० रुपयांना विकली जाते तेव्हा आपली जादा भुकटी निर्यात होते, गोदाम रिकामं होतं आणि डेअऱ्या दुधासाठी एकमेकींशी चढाओढ करतात. २०१३-१४ मध्ये भारतातून सव्वा लाख टनांहून अधिक भुकटी निर्यात झाली ती अशीच. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०१४ मध्ये, रशियाने युरोप-अमेरिकेच्या अन्नमालावर बंदी घातली. ३१ मार्च २०१५ ला युरोपने १९८४ पासून चालत आलेली दूध उत्पादनाची मर्यादा उठवली. जगात भुकटी साचली, २०१६ मध्ये ती टनाला १,८०० डॉलरच्या आसपास आली आणि आपल्या निर्यातीचं दार आपोआप लागलं. ते दूध गेलं कुठं? गोदामात. ते गोदाम पुढे दोन-तीन वर्षं महाराष्ट्राच्या दुधाच्या छातीवर बसलं. १ जून २०१७ ला पुणतांब्यापासून सुरू झालेल्या शेतकरी संपात रस्त्यावर ओतलेलं दूध, जुलै २०१८ मध्ये राजू शेट्टी यांच्या नेतृत्वाखाली झालेलं दूध बंद आंदोलन, आणि त्यानंतर जाहीर झालेला २५ रुपयांचा दर, हे सगळं त्या साचलेल्या पोत्यांच्या सावलीत घडलं. त्या वेळी भुकटी १२०-१३० वर आली होती आणि गायीच्या दुधाला १७ रुपये मिळत होते. 

शुल्काची भिंत आयात अडवते, तिची गरज आहे आणि ती पाडता कामा नये. पण ती आतल्या भुकटीला बाहेरचा रस्ता करून देत नाही. आणि जेव्हा बाहेर रस्ता मोकळा असतो, तेव्हा आपणच तो बंद करतो, हे मला जास्त लागतं. फेब्रुवारी २०११ मध्ये देशात दूध महागलं म्हणून भुकटीच्या निर्यातीवर बंदी आली, ती जून २०१२ मध्ये उठली. एप्रिल २०२३ मध्ये भाव चढलेले असताना लोणी-तुपाच्या आयातीचा विचार होऊ शकतो, असं केंद्रीय पशुसंवर्धन सचिवांनी बोलून दाखवलं आणि शरद पवारांनी त्याला लेखी विरोध केला. आयात झाली नाही. पण महागाईच्या वेळी ग्राहकासाठी जी तत्परता दिसते, ती मंदीच्या वेळी गोठ्यासाठी दिसायला दरवेळी दूध रस्त्यावर ओतावं लागतं. हे मला अन्यायाचं वाटतं.

एवढं उलगडल्यावर जालन्याकडे परत येऊ. महाराष्ट्रातलं संघटित दूध बहुतांश खासगी डेअऱ्यांकडे जातं, आणि त्याचा मोठा भाग भुकटी-लोण्याला लागतो. गुजरातमध्ये अमूलच्या मागे घराघरात शिरलेली एक पिशवी उभी आहे. तिथे उरलेला हिस्सा लहान, म्हणून भुकटीचा धक्काही लहान. आपल्याकडे अहिल्यानगर-पुणे-सोलापूर पट्ट्यात दुधाचं मोहोळ आहे, आणि भुकटीचे मोठे कारखानेही त्याच बाजूला. जालन्याचं दूध विखुरलेलं आहे. एका गावात दोनशे लिटर, दुसऱ्यात तीनशे. ते बल्क कूलरमध्ये गोळा होऊन टँकरने जिल्ह्याबाहेर जातं. मराठवाड्यासाठी उदगीरला शासकीय दूध भुकटी प्रकल्प होता, तोही बंद पडला. डेअरीला दूध कमी करायचं असेल तेव्हा ती आधी लांबचा आणि अर्धा भरलेला टँकर बंद करते. त्यामुळे जालन्याचं लिटर हे उरलेल्यातलंही उरलेलं आहे.

दुष्काळाचं कोडं इथे सुटतं. भोकरदनमध्ये गायी आटल्या तरी भोकरदनच्या भावाला काही फरक पडत नाही, कारण तो भाव भोकरदनच्या दुधावर ठरतच नव्हता. तो पश्चिम महाराष्ट्रातल्या गोदामात किती पोती पडली आहेत त्यावर ठरत होता, आणि त्या पोत्यांचा भाव चीनने न्यूझीलंडकडून किती भुकटी उचलली त्यावर.

दुसरीकडे खर्चाची बाजूही जगाशी बांधली गेली आहे. पूर्वी ज्वारी होती, तिचा कडबा घरचा होता. कापूस आणि सोयाबीन आलं तसा कडबा गेला. आता शेतकरी सरकी विकतो आणि सरकीची पेंड विकत आणतो. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सोयाबीनने उच्चांक गाठला तेव्हा पशुखाद्य एवढं महागलं की केंद्राने १२ लाख टन जनुकीय बदल केलेली सोयापेंड आयात करायला परवानगी दिली. म्हणजे गायीच्या तोंडाशी जे जातं त्यालाही जगाचा भाव, आणि सडातून जे येतं त्यालाही. मधे फक्त शेतकऱ्याची मेहनत आपली.

सरकारने जानेवारी २०२४ मध्ये किमान २७ रुपये देणाऱ्या डेअऱ्यांच्या शेतकऱ्यांना लिटरमागे ५ रुपये अनुदान दिलं. जुलैत ते ३० अधिक ५ झालं, ऑक्टोबरमध्ये २८ अधिक ७. गायीच्या कानात बिल्ला हवा, बँक खातं आधारला जोडलेलं हवं, अशा अटी होत्या. अनुदानाने त्या वर्षी कित्येक गोठे वाचले, हे मान्यच केलं पाहिजे. पण ऑक्टोबरमधली फोड नीट वाचा. शेतकऱ्याचे ३५ तेच राहिले, डेअरीचा वाटा दोन रुपयांनी खाली आला आणि सरकारचा दोन रुपयांनी वर गेला. उरलेल्या दुधाची मंदी सरकारने उचलली. उरलेलं दूध मात्र तेवढंच राहिलं.

उपाय उरलेलं कमी करण्यात आहे, आणि ते काम भाव जाहीर करण्याइतकं झटपट होत नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या भूमच्या भागातल्या खवा भट्ट्यांनी ते पिढ्यान्‌पिढ्या केलं आहे. जिथे टँकर पोचत नव्हता तिथे त्यांनी दूध आटवून त्याला टिकाऊ केलं, आणि आता तिथल्या कुंथलगिरीच्या खव्याला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. जालन्यासारख्या शहराला रोज लागणारं दही, ताक, पनीर जिल्ह्यातल्याच दुधाचं असायला काय हरकत आहे? शाळांच्या आहारात भुकटी मंदीच्या प्रत्येक वर्षी का जात नाही? विदर्भ-मराठवाडा दुग्धविकास प्रकल्पाचा दुसरा टप्पा आता दोन्ही विभागांतल्या १९ जिल्ह्यांसाठी मंजूर आहे, त्यात जालनाही येतो. त्यातून गायी वाढतील, दूध वाढेल. पण वाढलेल्या दुधाला पिशवीचं, दह्याचं गिऱ्हाईक आधी बांधलं नाही, तर आपण उरलेलंच वाढवू आणि भाव आणखी पाडू. माझा या प्रकल्पाला विरोध नाही. फक्त गायी वाटण्याआधी दूध विकण्याची सोय व्हावी, एवढं मला कळकळीने म्हणायचं आहे. राज्यात आज किती भुकटी गोदामात आहे हा आकडाही सरकारने दर महिन्याला गावोगाव लावावा. कापसाच्या गाठी किती शिल्लक आहेत हे शेतकऱ्याला पेपरात वाचायला मिळतं. भुकटीचं का नाही?

आणि शेतकऱ्यांना एक विनंती. पुढच्या पगाराला चिठ्ठी घ्यायला केंद्रावर जाल, तेव्हा दर किती एवढंच विचारून परत फिरू नका. आपण घातलेल्या शंभर लिटरमधलं किती दूध पिशवीत जातं आणि किती भुकटीला, हे विचारा. केंद्रचालकाला माहीत नसेल तर डेअरीला विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत दर दहा दिवसांनी विचारत राहा.